सुटलेली तार

(यंत्रे आपली कामे हलकी करतात. यंत्र बिघडले की आपण गोंधळून जातो. परंतु नीट पाहिले, विचार केला आणि क्रमाने तपासले, तर पुष्कळ वेळा बिघाडाचा छडा लागतो. एका जुन्या जीपच्या इंजिनाजवळ लोंबणाऱ्या तारेचा शोध कसा लागला, ते या पाठात एका विद्यार्थ्याने सांगितले आहे.)

१९९८ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. मी तेव्हा नववीची परीक्षा दिली होती. सुट्टीत मी हिंगोलीला मामूंकडे गेलो होतो. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यातील एक तालुका होती. पुढच्या वर्षी, १ मे १९९९ रोजी, हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला.

मामूंचे गॅरेज औंढा नागनाथकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. गॅरेज कसले, चार पत्रे आणि एक लिंबाचे झाड! झाडाला साखळी टांगलेली, तिच्यावर इंजिन उचलायचे. लाकडी पेटीत पाने, पक्कड, पेचकस आणि वायरचे तुकडे. सारे गाव मामूंना 'उस्ताद' म्हणत असे. मी रोज दुपारी तिथे जाऊन बसत असे. पाने पुसून देणे, रेडिएटरमध्ये पाणी घालणे, हवा भरणे अशी लहान कामे मामू मला देत.

एके दिवशी चारच्या सुमारास सेनगावकडून एक जुनी डिझेल जीप आली. जीपला ट्रेलर जोडलेला होता. ट्रेलरमध्ये हळदीची पोती रचलेली होती. जीप चालवणारे काका साठीच्या घरातले होते. धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. घामाने चेहरा डबडबलेला.

"उस्ताद, जरा पाणी घाला गाडीत," ते म्हणाले. "वसमतला जायचं आहे. सकाळी हळदीचा लिलाव आहे. रात्रीच्या आत पोहोचलो तर माल नीट लावता येईल."

हिंगोलीपासून वसमत सुमारे पन्नास किलोमीटर. वाटेत औंढा नागनाथ. हळद शिजवून, वाळवून, घासून तयार झाली की आमच्या भागातील शेतकरी ती वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात नेतात. नऊ महिन्यांचे कष्ट त्या पोत्यांत असतात. काकांचे तर त्याहून अधिक होते. बोलता बोलता ते म्हणाले, "ह्या हळदीच्या पैशातून मृगाचं बियाणं घ्यायचं आहे आणि पोरीच्या कॉलेजची फी भरायची आहे."

मी बोनेट उघडले. इंजिन तापलेले होते, म्हणून थोडा वेळ थांबलो. मग झाकणावर ओले फडके टाकून ते हळूहळू सैल केले आणि पाणी घातले. पाणी घालताना माझे लक्ष इंजिनाच्या बाजूला गेले. तिथे एक बारीक वायर लोंबत होती. तिचे टोक कशालाच जोडलेले नव्हते.

"मामू, इथे एक तार सुटली आहे!" मी ओरडलो आणि तार धरायला हात पुढे केला.

"थांब बेटा!" मामू म्हणाले. "जी तार ओळखीची नाही तिला आधी हात लावायचा नाही. आधी डोळ्यांनी बघायचं."

काका खाली उतरून जवळ आले. त्यांनी वायरकडे पाहिले आणि ते हसले. "उस्ताद, गाडी तर झकास चालते. सेल्फ मारला की एका झटक्यात सुरू होते. ती तार कामाची असती तर गाडी बंद पडली नसती का? टेप गुंडाळून बाजूला बांधून टाका. मला उशीर होतोय."

मलाही काकांचे म्हणणे पटले. परंतु मामूंनी मान हलवली. ते म्हणाले, "काका, गाडीत दोन प्रकारच्या तारा असतात. काही तारा गाडी चालवतात, तर काही तारा गाडी वाचवतात. ही कोणत्या प्रकारची आहे ते कळेपर्यंत मी तिला टेप लावणार नाही. अर्धा तास द्या."

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या; पण ते लिंबाखालच्या बाजेवर बसले.

मामू मला म्हणाले, "पेट्रोलच्या इंजिनात प्लगला ठिणगी लागते. ठिणगीसाठी वीज लागते. तिथे कॉइलची एक तार निघाली की इंजिन जागच्या जागी बंद. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. म्हणून जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की तारा निघाल्या तरी ते चालत राहते. आता सांग, गाडी चालते आहे यावरून ही तार निकामी आहे असे ठरते का?"

"नाही," मी म्हणालो.

ज्या रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन अभियंत्याने हे इंजिन तयार केले, त्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली चालले, ही माहिती मला पुढे पुस्तकात मिळाली. मामूंना त्याचे नाव ठाऊक नव्हते. त्याचे इंजिन मात्र त्यांना पाठ होते.

मामूंनी तारेचे निरीक्षण सुरू केले. ते मला एकेक गोष्ट दाखवत होते.

पहिली गोष्ट म्हणजे जाडी. बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणारी तार बोटाएवढी जाड असते, कारण तिच्यातून फार मोठा प्रवाह जातो. डायनॅमोची तार मध्यम जाडीची असते. दिवे आणि काटे यांच्या तारा बारीक असतात. सुटलेली तार बारीक होती. म्हणजे ती एखाद्या दिव्याची किंवा काट्याची असावी.

दुसरी गोष्ट म्हणजे रंग. तार काळी दिसत होती. मामूंनी फडक्याला थोडे रॉकेल लावून ती पुसली. मळाखालून पांढरा रंग निघाला. "नव्या गाडीत रंगावरून तार ओळखता येते," मामू म्हणाले. "पण ह्या जीपला आजवर दहा जणांचे हात लागले असतील. ज्याला जी तार मिळाली ती त्याने लावली. म्हणून जुन्या गाडीत रंगावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही."

तिसरी गोष्ट म्हणजे लांबी आणि वाक. अनेक वर्षे एकाच जागी राहिलेली तार आपला वाक सोडत नाही. ही तार खाली आणि मागे वळलेली होती. तिचे टोक पोहोचेल एवढ्याच अंतरात तिची मूळ जागा असणार.

चौथी गोष्ट म्हणजे टोक. मामूंनी बॅटरीवरची छोटी काच घेऊन टोक पाहिले. तारेच्या टोकाला पितळेचे थिंबल नव्हते. तांब्याचे तंतू वेडेवाकडे तुटलेले होते. "ही तार कोणी सोडलेली नाही, ती तुटलेली आहे," मामू म्हणाले. "म्हणजे तिचे थिंबल अजून कुठेतरी स्क्रूखाली अडकलेले असेल. तो तुकडा सापडला की घर सापडले."

मग आम्ही तारेचा माग उलट्या दिशेने काढला. ती इतर तारांच्या जुडीत शिरत होती. जुडी रबरी कड्यातून आत, चालकाच्या समोरच्या बोर्डाकडे गेली होती. आत कोणत्या दिव्याला ती जोडलेली आहे हे जुडी न उकलता कळणे कठीण होते.

"आता टेस्ट लॅम्प," मामू म्हणाले.

टेस्ट लॅम्प म्हणजे एक साधा बारा व्होल्टचा बल्ब. त्याला दोन तारा. एका तारेला चिमटा, दुसरीला टोकदार सळई. गाडीत बॅटरीचे उणे टोक लोखंडी बॉडीला जोडलेले असते. त्यामुळे वीज एका तारेने दिव्याकडे जाते आणि बॉडीतून परत येते. परतीची दुसरी तार लागत नाही. चिमटा बॉडीला लावला आणि सळई एखाद्या तारेला टेकवली की त्या तारेत वीज आहे की नाही ते बल्ब सांगतो.

मामूंनी आधी सळई बॅटरीच्या अधिक टोकाला टेकवली. बल्ब लख्ख पेटला. "आधी दिवाच नीट आहे का ते पाहायचं," ते म्हणाले. "खोट्या साक्षीदाराला प्रश्न विचारून काय उपयोग?"

मग किल्ली बंद ठेवून त्यांनी सळई सुटलेल्या तारेला लावली. बल्ब पेटला नाही. म्हणजे ही तार सरळ बॅटरीवरून आलेली नव्हती.

"आता तू सीटवर बस. किल्ली एक घर फिरव. सेल्फ मारू नकोस. बोर्डाकडे लक्ष ठेव."

मी किल्ली फिरवली. बोर्डावर बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा पेटला. मामूंनी सळई तारेला टेकवली. बाहेरून त्यांचा आवाज आला, "इथे बल्ब जेमतेम लाल झाला आहे. तुझ्याकडे काय?"

"मामू, इथे दुसरा लाल दिवा लागला!" मी ओरडलो. "चंबूसारखे चित्र आहे त्याच्यावर. चंबूच्या तोटीतून थेंब पडतो आहे."

मामूंनी सळई काढली. दिवा विझला. पुन्हा टेकवली. दिवा पेटला. मला मोठी गंमत वाटली. ज्या बल्बने आम्ही शोध घेत होतो तो नीट पेटला नाही, परंतु बोर्डावरचा दिवा मात्र पेटला! मामूंनी नंतर समजावून सांगितले. किल्लीपासून निघालेली वीज आधी बोर्डावरच्या छोट्या दिव्यातून जाते आणि मग ह्या तारेत येते. टेस्ट लॅम्पमधून तिला बॉडीकडे जायला वाट मिळाली, म्हणून बोर्डावरचा दिवा लागला. छोटा दिवा थोडाच प्रवाह जाऊ देतो. तेवढ्याने टेस्ट लॅम्पचा मोठा बल्ब तापत नाही.

चंबूचे चित्र म्हणजे ऑइलची खूण. सुटलेली तार ऑइलच्या दाबाच्या दिव्याची होती!

"काका, हा लाल दिवा कधीपासून लागत नाही?" मामूंनी विचारले.

काका उठून जवळ आले. "तो ना? झाला महिना. एरवी लागत नाही. खड्ड्यातून गेलो की क्षणभर चमकतो आणि विझतो. मी म्हटलं, लाल दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे."

"तुटलेलं टोक खड्ड्यात इंजिनाला टेकत होतं, म्हणून तो चमकत होता," मामू म्हणाले. "आणि दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक असं नसतं, काका. किल्ली फिरवली की हा दिवा आधी लागला पाहिजे. इंजिन सुरू झालं की मग तो विझला पाहिजे. आधी लागलाच नाही, तर विझला की मुका झाला हे कसं कळणार?"

तारेचे दुसरे घर शोधणे आता सोपे होते. इंजिनाच्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या जवळ, मळाचा एक गोळा दिसत होता. मामूंनी तो रॉकेलच्या फडक्याने पुसला. आतून अंगठ्याएवढा एक स्विच निघाला. त्याच्या डोक्यावर स्क्रू होता आणि स्क्रूखाली तुटक्या थिंबलचा तुकडा! मामूंनी सुटलेली तार त्याच्यापर्यंत आणली. ती बोटभर कमी पडत होती.

"बघ," मामू म्हणाले, "मागे कोणीतरी तार ताणून लावली होती. इंजिन रबरावर बसलेलं असतं, ते सारखं हलतं. ताणलेली तार रोज थोडी थोडी तुटत गेली."

मामूंनी प्रथम बॅटरीचे उणे टोक सोडले. मग तारेचे काळे पडलेले टोक कापत कापत ते मागे गेले. आतून तांबे चकचकीत दिसू लागल्यावर ते थांबले. त्यांनी त्याच जाडीच्या नव्या तारेचा वीतभर तुकडा घेतला. दोन्ही टोके सोलून एकमेकांभोवती घट्ट पिळली आणि जोडाला कथलाचा डाग देण्याचे काम मला सांगितले. मी मोठ्या उत्साहाने डाग दिला. पाहतो तर जोडावर चढवायची नळी माझ्या हातातच राहिली होती! ती तारेत आधी ओवायला हवी होती. मी ओशाळलो.

मामू रागावले नाहीत. "दुसऱ्या टोकाला अजून थिंबल लावलेलं नाही. तिकडून ओव. पुन्हा मात्र आधी नळी, मग जोड."

मी नळी ओवून जोडावर आणली. मामूंनी टोकाला नवे थिंबल दाबून बसवले. स्क्रूची जागा पॉलिश पेपरने घासली, कारण मळ आणि गंज विजेची वाट अडवतात. तार गरम सायलेन्सर पाइपापासून दूर नेली. इंजिन हलले तरी ताण पडू नये म्हणून ती थोडी सैल ठेवली आणि जुडीला बांधली. शेवटी बॅटरीचे टोक पुन्हा जोडले.

काका स्वतः सीटवर बसले. त्यांनी किल्ली फिरवली. चंबूचा लाल दिवा लागला. "लागला बघा!" ते आनंदाने म्हणाले. त्यांनी सेल्फ मारला. इंजिन सुरू झाले.

दिवा विझला नाही.

"बंद करा! लगेच बंद करा!" मामू ओरडले.

काकांनी इंजिन बंद केले. परंतु त्यांचा चेहरा उतरला. ते जरा चिडूनच म्हणाले, "उस्ताद, चांगली चालणारी गाडी होती. तुम्ही तार जोडली आणि दिवा लागून राहिला. काहीतरी उलटं जोडलं तुम्ही. आता मी वसमतला कसा जाऊ?"

मामू शांतपणे म्हणाले, "काका, निरोप आणणाऱ्यावर रागावू नका. तो काय निरोप आणतो ते पाहू."

जीप सपाट जागेवर उभी होती. पाच मिनिटे थांबून मामूंनी ऑइल मोजण्याची सळई बाहेर काढली, पुसली, पुन्हा आत घातली आणि काढून काकांसमोर धरली. सळईवर दोन खुणा होत्या. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये असायला हवे. इथे फक्त सळईचे टोक ओले झाले होते.

कोणीच काही बोलले नाही. मामू जीपखाली शिरले. ऑइलच्या चेंबरच्या तळाशी असलेला नट ओला होता. त्याच्याखालचे वॉशर झिजले होते. तिथून थेंब थेंब ऑइल गळत होते. रस्त्यावरची धूळ चिकटून तिथे काळा थर झाला होता.

"इंजिनाच्या आत लोखंड लोखंडाजवळ फिरतं," मामू बाहेर येत म्हणाले. "मध्ये ऑइलचा पातळ पडदा असतो, म्हणून ते एकमेकांना घासत नाही. दाब गेला की पडदा फाटतो. बेअरिंग झिजतं, तापतं आणि इंजिन जाम होतं. एवढी पोती घेऊन, रात्रीच्या वेळी, औंढ्याच्या पुढे ते झालं असतं, तर..."

मामूंनी वाक्य पुरे केले नाही. काकांनी मागे वळून ट्रेलरकडे पाहिले. मग ते हळूच म्हणाले, "इंजिनाच्या खर्चात सगळी हळद गेली असती, उस्ताद."

मामूंनी उरलेले ऑइल भांड्यात काढले, नवे वॉशर घालून नट बसवला. सळईच्या वरच्या खुणेपर्यंत नवे ऑइल भरले. काकांनी पुन्हा किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. सेल्फ मारला. मी मनात मोजू लागलो, एक... दोन... तीन. दिवा विझला. काकांचा जीव भांड्यात पडला.

मामूंनी बराच वेळ इंजिनाला कान लावून ऐकले. ठोकल्यासारखा आवाज येत नव्हता. तरीही ते म्हणाले, "इंजिनाला इजा झाली नसावी असं वाटतं, पण खात्री मी आज देणार नाही. औंढ्याला थांबा, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी सळई पाहा. वसमतला पुन्हा पाहा. वाटेत दिवा लागला तर पुढे एक पाऊलही जाऊ नका. तिथेच थांबा."

सूर्य मावळायला आला होता. काकांनी वॉशर, ऑइल आणि मजुरीचे पैसे दिले. मामूंनी तारेचे पैसे घेतले नाहीत. "ती तार माझ्या भाच्याने शोधली," ते म्हणाले. जीप औंढ्याच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

चौथ्या दिवशी ती परत आली. ट्रेलर रिकामा होता. काकांनी एका पुडीत बांधलेली हळकुंडे माझ्या हातात दिली. "तुझ्या अम्मीला दे," ते म्हणाले. मग मामूंकडे वळून म्हणाले, "उस्ताद, आता किल्ली फिरवली की मी थांबतो. आधी दिवा लागतो का ते पाहतो, मगच सेल्फ मारतो."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. नव्या गाड्यांत तारांची संख्या खूप वाढली आहे. बिघाड शोधायला संगणक लावतात. परंतु चंबूचे चित्र असलेला तो लाल दिवा आजही असतो. किल्ली फिरवली की मी नकळत त्याच्याकडे पाहतो. तो लागला आणि मग विझला, म्हणजेच मला गाडी ठीक आहे असे वाटते.

शब्दार्थ

छडा लावणे – शोध लावणे
माग काढणे – खुणांवरून शोधत जाणे
लोंबणे – खाली लटकणे
लिलाव – बोली लावून विक्री करणे
मृगाचे बियाणे – पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरायचे बी
निकामी – कामाचा नसलेला
बाज – दोरीने विणलेली खाट
चंबू – तोटी असलेले किंवा अरुंद तोंडाचे लहान भांडे
थिंबल – तारेच्या टोकाला लावायचा धातूचा तुकडा
कथील – जोड देण्यासाठी वितळवायचा मऊ धातू
ओवणे – छिद्रातून आत घालणे
वीत – अंगठा व करंगळी ताणल्यावर होणारे अंतर
हळकुंड – वाळलेल्या हळदीचा तुकडा

वाक्प्रचार

कपाळाला आठ्या पडणे – नाराजी दिसणे
चेहरा उतरणे – निराश होणे
जीव भांड्यात पडणे – काळजी दूर होऊन बरे वाटणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) हिंगोली जिल्हा कधी निर्माण झाला?
(२) काका जीप घेऊन कोठे निघाले होते?
(३) सुटलेली तार सर्वांत आधी कोणाला दिसली?
(४) डिझेलच्या इंजिनात डिझेल कशामुळे पेटते?
(५) ऑइल कोठून गळत होते?

प्रश्न २. कोण कोणास म्हणाले ते सांगा.
(१) "टेप गुंडाळून बाजूला बांधून टाका."
(२) "जी तार ओळखीची नाही तिला आधी हात लावायचा नाही."
(३) "निरोप आणणाऱ्यावर रागावू नका."
(४) "तुझ्या अम्मीला दे."

प्रश्न ३. कारणे लिहा.
(१) जुन्या गाडीत तारेच्या रंगावर पूर्ण विश्वास ठेवू नये.
(२) मामूंनी टेस्ट लॅम्प आधी बॅटरीला लावून पाहिला.
(३) मामूंनी नवी तार थोडी सैल ठेवली.
(४) खड्ड्यातून जाताना लाल दिवा क्षणभर चमकत असे.

प्रश्न ४. पुढील कृती योग्य क्रमाने लिहा.
(अ) टोकाला थिंबल दाबून बसवले. (आ) बॅटरीचे उणे टोक सोडले. (इ) तारेचे काळे टोक कापले. (ई) नवा तुकडा जोडून डाग दिला. (उ) बॅटरीचे टोक पुन्हा जोडले.

प्रश्न ५. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) तार पाहताना मामूंनी कोणत्या चार गोष्टी तपासल्या?
(२) "काही तारा गाडी चालवतात, तर काही तारा गाडी वाचवतात." या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे सांगा.
(३) काका मामूंवर का चिडले? त्यांचा गैरसमज कसा दूर झाला?

प्रश्न ६. भाषाभ्यास.
(अ) पुढील शब्द उर्दूत आणि मराठीत सारखेच वापरतात. त्यांचा वाक्यात उपयोग करा : तार, बारीक, बाजार, दुरुस्त.
(आ) काही शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण त्यांचा अर्थ बदलतो. मराठीत 'इशारा' म्हणजे धोक्याची सूचना, 'तालीम' म्हणजे सराव किंवा व्यायामशाळा आणि 'खून' म्हणजे हत्या. उर्दूतील त्यांचे अर्थ लिहा.
(इ) "लाल दिवा इंजिनाचा ______ आहे." रिकाम्या जागी वरीलपैकी योग्य शब्द लिहा.
(ई) वचन बदला : तार, दिवा, पोते, खूण, खड्डा.

उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या गॅरेजला शिक्षकांबरोबर भेट द्या. तेथील हत्यारांची मराठी नावे विचारून त्यांची यादी तयार करा. इंजिन चालू असताना बोनेटखाली हात घालू नका.